आजी खुर्चीवर बसली

आम्ही २३ जण. सातारचे चुलते, सांगलीची आत्या, त्यांची पोरंबाळं. आजी आहे तोवर गावी सगळ्यांचा एक फोटो काढायचं ठरलं. आजा गेला, त्याचा फोटोच नाही. त्याचं नाक कसं होतं, यावर घरात अजून वाद होतो.

राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा फोटो तुम्ही पाहिलाय. बाबासाहेब, रमाई, यशवंत, लक्ष्मीबाई, मुकुंद, टॉबी कुत्रासुद्धा. त्यानंतर सव्वा वर्षात, २७ मे १९३५ ला रमाई गेली. म्हणून मी घाई केली.

फोटोवाला म्हणाला, "सकाळच्या कोवळ्या उन्हात काढू. उंच माणसं मागं, पोरं पुढं. पाठीमागं पाटलाचा वाडा घेऊ, झकास दिसंल."

आजी उसळली. "त्या वाड्याम्होरं जल्मभर श्याण काढलं. आता फोटूत बी तिथंच हुबी करतुस?"

मग आमच्याच घराची भिंत. आदल्या दिवशी तिला चुना मारला. सकाळी मधोमध खुर्ची मांडली, तर आजी सवयीनं खाली मातीत बसली. आम्ही सगळे तसेच उभे. कुणी हललं नाही. शेवटी ती उठली, पदर सारखा केला, खुर्चीवर बसली.

गड्यांनो, मोर्चाला जरूर जाऊ. पण आधी घरातल्या म्हातारीला खुर्ची द्या.