कनवटीचा पैसा

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीला ज्वारी पिकते. त्या ज्वारीला आता भौगोलिक मानांकन मिळालंय, पण घरातला हिशेब जुनाच. ज्वारीचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि आडतीवरून थेट बाप्याच्या बंडीत जातो. विहिरीच्या कडंला मेथी-शेपूचे दोन वाफे आणि चार वांग्याची झाडं असतात, ते माळवं बाई बाजारात नेते. तो पैसा दर आठवड्याला येतो आणि तिच्या कनवटीला बसतो. त्याचा जाब कुणी मागत नसे. कुणी विचारलंच तर ‘मिठामिरचीला गेलं’ एवढं उत्तर पुरायचं.

माझ्या आत्यानं चाळीस वर्षं असा बाजार केला. माझी दहावीची फी त्याच कनवटीतनं भरली. तिच्या लेकीला पहिल्या खेपेला रात्री दवाखान्यात न्यायचं झालं, मामा वारीला गेलेला, तेव्हा जीपवाल्याचे पैसे तिनंच काढून दिले. घामानं ओल्या झालेल्या नोटा, चारपदरी घडी घातलेल्या. जास्त साठले की ते डाळीच्या डब्यात, तळाला, फडक्यात बांधून.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि गावातल्या कितीतरी डब्यांचे तळ उघडे पडले. आत्याच्या डाळीतनं पाचशेच्या १४ नोटा निघाल्या. मामा रागावला नाही. नुसता बघत राहिला आणि म्हणाला, “एवढं हुतं तर खताच्या टायमाला का दिलं न्हाईस?” आत्या काहीच बोलली नाही. जनधनचं खातं तिच्या नावावर होतं, पण पासबुक सापडेना. मग नोटा मामाच्या खात्यात भरल्या, आणि मामाच्याच झाल्या.

यूपीआय त्याच वर्षी सुरू झालं. आमच्या बाजारात ते रुळायला मात्र कोरोना यावा लागला. या सोयीचं मला कौतुक आहे, हे आधीच सांगतो. सुट्ट्याची कटकट गेली, नाहीतर दोन रुपये परत द्यायला नसले की गिऱ्हाइकाच्या हातावर चॉकलेट ठेवायची पद्धत होती. सोलापूरला कांदा विकून पट्टीची रोकड घेऊन रात्रीच्या एसटीनं येताना जीव मुठीत असायचा. आता पैसे खात्यावर येतात आणि माणूस डुलक्या घेत घरी येतो.

आत्याच्या पाटीपुढं तो ठिपक्यांचा पुठ्ठा लेकानं आणून ठेवला. आमच्याकडं त्याला स्कॅनर म्हणतात. मोठा फोन लेकाकडं, आत्याकडं बटणाचा, म्हणून खातं लेकाचं जोडलेलं. शेजारी बोलणारा डबा. “वीस रुपये प्राप्त झाले,” असं तो खणखणीत मराठीत सांगतो. दिवसभर तो डबा आत्याच्या कमाईची दवंडी पिटायचा आणि संध्याकाळी तिच्या कनवटीला दीडशे रुपये असायचे.

लेक वाईट नाही. मागितले की देतो. पण मागावं लागतं. “कशाला पायजेत?” एवढंच तो विचारतो, तेही साधेपणानं. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला काहीतरी द्यायचं असतं, माहेरच्या पोराच्या हातावर शंभर ठेवायचे असतात, शेजारणीला कुणाला न सांगता दोनशे उसने द्यायचे असतात. ‘कशाला’चं उत्तर एकेका वेळी कसं देणार? शिवाय फोनात सगळं उमटतं, कुणी दिले, किती दिले, किती वाजता दिले. नातू ते मोठ्यानं वाचून दाखवतो.

एकदा आत्या मला म्हणाली, “पैसं ऐकू येत्यात रं, दिसत न्हाईत.”

मग जनधनचं खातं जागं करायला निघालो. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. आधार, फोटो, अर्ज, तालुक्याला तीन चकरा. पुढची अडचण पैसे काढायची. गावातल्या बँक मित्राकडं आधारवर अंगठा लावून पैसे मिळतात, पण जन्मभर खुरपं धरून आत्याच्या अंगठ्याच्या रेघाच पुसल्यात. मशीन अंगठा घेईना. एकेक बोट लावून बघितलं, शेवटी डाव्या हाताची करंगळीजवळची बोट चाललं. बँक मित्रानं तिथंच, दुकानात चार माणसं उभी असताना, शिल्लक मोठ्यानं वाचून दाखवली. आत्यानं त्याच्याकडं असं बघितलं की पुढच्या खेपेपासून तो चिठ्ठीवर लिहून देतो.

स्कॅनर बदलला तेव्हा लेकाला लागलं. “माझ्यावर भरवसा न्हाय व्हय?” म्हणाला आणि दोन दिवस जेवायला उशिरा आला. त्याचंही खोटं नव्हतं. बियाणं-औषधाची उधारी तो बाजाराच्या पैशातनंच थोडी थोडी भागवत होता. शेवटी सुनेनं तोडगा काढला. कांदा-ज्वारी त्याच्या खात्यावर, माळवं सासूच्या. उधारीला कमी पडलं तर त्यानं आईकडं मागायचं. तो मागतोही. आत्या त्याला “कशाला पायजेत?” असं विचारते का, हे मला सुनेकडनं काढून घ्यायचंय.

परवा बाजारात गेलो, तर स्कॅनरवर शेपूची जुडी टाकलेली. अनोळखी गिऱ्हाईक आलं की आत्या जुडी बाजूला सरकवते. ओळखीचं असलं की हात लावत नाही. “सुट्टं हायती माझ्याकडं, रोखच दे,” म्हणते. संक्रांतीला लेकीला घेऊन सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्ड्याला जायचं म्हणतेय. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्या दोघींचे जाण्यायेण्याचे पैसे तिनं आत्ताच वेगळे बांधून ठेवलेत.