पात्याचे झाकण

हातकरवतीचा एक मोठा गुण पुष्कळ वर्षे कोणाच्या ध्यानात आला नाही, कारण तिच्यावाचून निराळी करवत लोकांनी पाहिलीच नव्हती. तो गुण असा की, ती माणसाबरोबर दमते. सुताराचा दंड भरून आला की तिची चाल मंदावते. कपाळावरचा घाम पुसण्यासाठी त्याने हात उचलला की ती लाकडात जागच्या जागी स्वस्थ उभी राहते. तिचे दात तीक्ष्ण खरे. परंतु त्या दातांमागचे बळ माणसाच्याच खांद्यातले. त्यामुळे चूक झालीच तर ती माणसाच्या वेगाने होते, आणि अशी चूक अर्ध्या वाटेवर आवरता येते. आमच्या देवळांतील जुने कोरीव खांब, पालख्या, रथ आणि नवरात्रातली मखरे ही सारी या दमणाऱ्या करवतीच्या आश्रयाने घडली.

विजेवर चालणारी, हाती धरावयाची गोल करवत दमत नाही. ऊस तोडण्याचा कोयता पाहून अमेरिकेतील एडमंड मिशेल या गृहस्थाला तिची कल्पना सुचली, असे सांगतात. १९२४ साली जोसेफ सुलिव्हन याच्यासह त्याने ती विकण्यासाठी कंपनी काढली. आज सर्वसाधारणपणे वापरात असलेल्या यंत्राचे पाते १८५ मिलिमीटर, म्हणजे सव्वासात इंच व्यासाचे असते आणि ते मिनिटाला ५,००० च्या आसपास फेरे घेते. गणित मांडून पाहिले तर पात्याच्या कडेवरचा प्रत्येक दात सेकंदाला सुमारे ४८ मीटर, म्हणजे ताशी १७० किलोमीटरांहून अधिक वेगाने धावत असतो. माणसाची पापणी लवते न लवते तोच डझनभर फेरे पुरे होतात. येथे चूक यंत्राच्या वेगाने होते. ती आवरण्याचा विचार मनात उगवण्यापूर्वीच ती होऊन गेलेली असते.

यंत्र करणाराला हे ठाऊक होते, म्हणून त्याने या पात्याला दोन झाकणे दिली. वरचे झाकण अचल असते, खालचे चल. हे खालचे झाकण मला साऱ्या यंत्रात अत्यंत विचारपूर्वक घडवलेले वाटते. यंत्र रिकामे असता ते पात्याचा खालचा अर्धा भाग झाकून बसलेले असते. यंत्र फळीवर पुढे सरकू लागले की फळीची कड त्याला हळूच मागे लोटते आणि तेवढ्यापुरते पाते उघडे होते. काप संपून यंत्र फळीबाहेर आले, की आतली कमान त्याला तत्क्षणी जागेवर आणते. खटका सोडल्यावरही पाते काही सेकंद फिरतच राहते. त्या अवधीत यंत्र कोठेही टेकले तरी मध्ये झाकण असते. दार उघडून पाहुण्याला आत घ्यावे आणि लगेच दार लोटून घ्यावे, अशा एखाद्या जाणत्या गृहिणीसारखी त्याची वागणूक असते.

आणि आमच्याकडे पुष्कळ ठिकाणी हेच झाकण तारेने वर बांधून ठेवलेले आढळते!

हे बांधणारे हात मूर्खाचे नसतात, हेही सांगितले पाहिजे. तिरपा काप घेताना किंवा फळीची अरुंद कड कापताना हे झाकण कधी कधी आरंभीच अडते. त्यात भुसा आणि लाकडाचा चीक साचला म्हणजे तर ते वारंवार अडते. काम अंगावरचे, दिवस मोजके, दाराशी जत्रा आलेली. दहा वेळा अडणारी वस्तू अकराव्या वेळी बांधली जाते. वस्तुतः अडणाऱ्या झाकणाला दोनच उपाय आहेत. एक, ते स्वच्छ करणे. दुसरा, त्याच्या बाजूला मुद्दाम दिलेला दांडा बोटाने मागे ओढून पाते लाकडात शिरेपर्यंतच ते वर धरणे आणि शिरताच सोडून देणे. दोहोंनाही मिळून पाच मिनिटे लागत नाहीत.

एका देवस्थानच्या सभामंडपाचे छप्पर उतरवले होते, त्या वेळची गोष्ट. जुने वासे कापून निराळे करण्याचे काम एका तरुण मेस्ताकडे होते. उजव्या हाती यंत्र, झाकण तारेने बांधलेले, आणि वासा हलू नये म्हणून डावा हात यंत्राच्या मागे वाशावर दाबलेला. वासा दोन्ही टोकांना टेकलेला होता. मध्ये काप पडताच तो खाली लवला, कापाची फट मिटली आणि पाते तीत आवळले गेले. यंत्र उसळून मागे आले. त्या मुलाची डाव्या हाताची दोन बोटे गेली. तो भजनात तबल्याची साथ करीत असे. डाव्या हाताशिवाय डग्गा बोलत नाही. आता तो त्याच भजनात बसतो, झांज धरतो, आणि तबल्यावर दुसरे कोणी बसते. त्याने कोणाला दोष दिलेला मी ऐकला नाही. पण साथीचा ठेका जरा घसरला की त्याची मान ज्या रीतीने खाली जाते, ती पाहिल्यावर त्या तारेच्या तुकड्याची किंमत काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

यंत्र उसळते ते का, हे समजले की निम्मी सावधगिरी आपोआप येते. या करवतीच्या पात्याचे खालचे दात पुढच्या दिशेने धावतात आणि लाकूड खालून वर कापीत येतात. फट मिटून पाते आवळले गेले, किंवा हात वाकडा होऊन ते कापात तिरपे झाले, किंवा बोथट दात लाकडात रुतले, की लाकूड हलत नाही म्हणून यंत्रच हलते. ते वर उचलले जाऊन कापाच्या रेषेने थेट कापणाराकडे झेपावते. यास्तव कापणाराने त्या रेषेत उभे राहू नये, किंचित बाजूला राहावे. उजवा हात खटक्याच्या मुठीवर आणि डावा पुढच्या मुठीवर, असे दोन्ही हात यंत्रावर असले म्हणजे पात्याला सापडण्याजोगा हातच उरत नाही. लाकूड धरण्याचे काम शिकंज्याचे. ते हाताकडे किंवा गुडघ्याकडे देऊ नये. पाते अडले असे वाटले तर खटका सोडावा, यंत्र आहे तेथेच घट्ट धरावे आणि पाते पुरते थांबू द्यावे. फिरत्या पात्यानिशी यंत्र मागे ओढणे म्हणजे वाघाला शेपटी धरून गुहेतून काढण्यासारखे आहे.

टेकू कोठे द्यावा, यातही शास्त्र आहे. लांब फळी केवळ दोन्ही टोकांना टेकवली तर ती मध्ये लवणारच. टेकू कापाच्या रेषेजवळ असावा आणि तुटून पडणारा तुकडा मोकळेपणी खाली जाईल अशी व्यवस्था असावी. यंत्राच्या तळपट्टीचा रुंद भाग फळीच्या टेकलेल्या बाजूवर राहावा. पात्याची खोली फळीच्या जाडीप्रमाणे बेतावी. फळीखाली दाताची एक उंचीही पुरती दिसू नये. पाते जितके कमी बाहेर, तितके ते कमी आवळते आणि तितकी इजाही कमी. यंत्र आधी सुरू करावे, त्याला पुरा वेग येऊ द्यावा आणि मगच ते लाकडाला भिडवावे. दात खालून वर येत असल्यामुळे चिरफळ्या वरच्या अंगाला उडतात. म्हणून फळीची दर्शनी बाजू नेहमी खाली ठेवावी. एवढे एक पाळले तरी मखराच्या फळीचे पुष्कळ काम वाचते.

आता पोशाखासंबंधी. देवळाच्या कामावरील माणसाच्या अंगावर श्रद्धेची चिन्हे असतात: मनगटावर दोरा, गळ्यात माळ, बोटात अंगठी, खांद्यावर उपरणे. फिरत्या पात्याला श्रद्धा कळत नाही. त्याला लोंबते सूत तेवढे कळते. दोरा आणि माळ सदऱ्याच्या आत घ्यावी, अंगठी आणि उपरणे काढून ठेवावे, लांब केस बांधावे. कामाच्या वेळी उपरणे खुंटीला टांगल्याने देवाचा मान कमी होत नाही. डोळ्यांना चष्मा आणि कानांना बोळे हवेतच. नाकातोंडावरील फडके बारीक भुसा अडवू शकत नाही; त्यासाठी योग्य मुखपट्टीच हवी. लाकडाची धूळ कर्करोगास कारण होते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली दिलेला आहे.

आमच्याकडील आणखी एका प्रघाताविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. फरशी कापण्याचे चार इंची लहान कटर स्वस्त आणि हलके. म्हणून त्याला लाकडाचे दातेरी पाते बसवून बरेच कारागीर त्यानेच काम भागवतात. ते यंत्र दगडासाठी आणि दात नसलेल्या हिऱ्याच्या पात्यासाठी बनवलेले असते. त्याचा वेग मिनिटाला १३,००० फेऱ्यांपर्यंत जातो आणि आपोआप मिटणारे खालचे झाकण त्याला नसतेच. प्रत्येक पात्यावर त्याची कमाल वेगमर्यादा छापलेली असते. ती यंत्राच्या वेगाहून अधिक असली पाहिजे. येथे पुष्कळदा ती वाचलीही जात नाही. फरशीचे यंत्र फरशीला आणि लाकडाचे लाकडाला, हा नियम मोडून वाचलेले पैसे एका टाक्यातही पुरत नाहीत.

यंत्राची निगा ही तर नित्यकर्मासारखी गोष्ट आहे. पाते बदलताना किंवा झाकण पुसताना प्रथम तारेची पिन भिंतीतून काढावी. बॅटरीचे यंत्र असेल तर बॅटरी काढावी. नुसता खटका बंद असणे पुरेसे नाही. रोज काम सुरू करण्यापूर्वी खालचे झाकण बोटाने मागे ओढून सोडावे. ते खटकन जागेवर आले तरच यंत्र हाती घ्यावे. ते रेंगाळले तर कोरड्या कुंचल्याने भुसा काढावा. तेलाचा हात फिरवण्याचा मोह टाळावा, कारण तेलावर भुसा अधिकच चिकटतो. पात्यावर चढलेला चीक पाते काढून साबणाच्या कोमट पाण्याने धुवावा आणि ते लगेच कोरडे करावे. आमच्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात ओलसर भुशाखाली एका रात्रीत गंज धरतो. पात्यावरील बाण आणि झाकणावरील बाण एकाच दिशेला हवेत. वाकलेले, तडा गेलेले किंवा दात उडालेले पाते ठेवून घेऊ नये. उभ्या कापाला २४ दातांचे पाते चालते. प्लायवूडला आणि सफाईच्या कामाला ४० किंवा त्याहून अधिक दात लागतात. यंत्रातून नेहमीपेक्षा अधिक ठिणग्या दिसू लागल्या की आतले कार्बन झिजले असे समजावे आणि ते जोडीनेच बदलावे. जोडतार पुरेशा जाडीची असावी, गुंडाळी पूर्ण उलगडलेली असावी आणि ती पात्याच्या वाटेत न येता कापणाराच्या पाठीमागे राहावी. ओल्या अंगणात, उघड्यावर काम करू नये. विजेच्या फळ्यावर गळती होताच प्रवाह तोडणारे साधन बसवलेले असावे.

जीर्णोद्धाराच्या कामात याखेरीज एक शत्रू दडलेला असतो: जुना खिळा. देवळाच्या उतरवलेल्या तुळयांत पिढ्यान्‌पिढ्या ठोकलेले खिळे, हुक आणि मोळे असतात. रंगाच्या थरांखाली ते दिसत नाहीत. कापाच्या रेषेवरून आधी हात फिरवावा, संशय येईल तेथे खरवडून पाहावे आणि शक्य तर लोखंड शोधणारे लहान यंत्र वापरावे. जुन्या लाकडाला हात लावण्यापूर्वी त्याचा इतिहास विचारून घ्यावा लागतो.

खंडेनवमीला आमच्या सुतारशाळांत अवजारे मांडली जातात. वाकस, पटाशी, रंधा, गुण्या यांच्या पंक्तीला आता ही विजेची करवतही बसते. तिला गंध लावतात, फूल वाहतात, झेंडूची माळ घालतात. मी अशी माळ तारेने बांधलेल्या झाकणावर घातलेली पाहिली आहे. पूजा करणाराच्या भावाबद्दल मला शंका नाही. परंतु त्या दिवशी हळदकुंकवाआधी एक पक्कड घेऊन ती तार तोडली असती, तर विश्वकर्म्याला ते अधिक रुचले असते असे मला वाटते.

ही गोष्ट केवळ मेस्तांना सांगून भागणारी नाही. तार बांधतो कारागीर. पण ती बांधावी लागेल इतकी घाई आपण, म्हणजे देवस्थानच्या कारभारात बसणारे लोक, करीत असतो. पालखीच्या चांदीसाठी वर्गणी काढताना आपला हात आखडत नाही. मग कामाच्या करारात दोन ओळी घालायला काय हरकत आहे? कामावर शिकंजे, चष्मे आणि झाकणे धड असलेली यंत्रे असतील. त्यांचा खर्च देवस्थान देईल. आणि जत्रेची तारीख जवळ आली म्हणून कोणाकडूनही रात्री, थकल्या अंगाने यंत्र चालवून घेतले जाणार नाही. काम अपुरे राहिले तर देव त्या वर्षी जुन्याच मंडपात बसेल. त्याने याहून पडक्या जागी शतके काढली आहेत. ज्याचे पोट हातावर आहे, त्याच्या हाताला मात्र दुसरे वर्ष मिळत नाही.

एक वृद्ध मेस्त, ज्यांनी हातकरवतीचा सारा काळ पाहिला आणि ही नवी करवतही वापरली, ते नव्या पोराच्या हाती यंत्र देताना प्रथम लाकूड दाखवीत नाहीत. ते झाकण उघडून मिटून दाखवतात, तीनदा, आणि म्हणतात, "हात आसात जाल्यार काम आसा." पोरगे ते झाकण स्वतः तीनदा उघडून मिटते. त्यानंतरच त्याला फळी मिळते.