कामाला लागलेली रेंजर

ती नुसती उभी असली तरी पहिलवानासारखी दिसते. सरळ, रुंद हँडल, जाड नळ्यांचा सांगाडा, पुढच्या चिमट्यात दोन शॉकअप आणि खोल खाचांचे टायर. मूळचा रंग लाल असावा. तो आता हँडलखालच्या नळीवर तेवढा टिकून आहे. बाकी अंगावर कुठे पोपडे, कुठे अर्धवट निघालेलं स्टिकर, कुठे दुसऱ्या सायकलीला घासून पडलेला ओरखडा. बीडमध्ये अशा सायकलीला सरसकट रेंजर म्हणतात, मग कंपनी कोणतीही असो. सुभाष रोडच्या गर्दीत मोटारसायकलींच्या रांगेच्या टोकाला ती दिवसभर उभी असते आणि संध्याकाळी मला घेऊन बार्शी नाक्याकडे निघते.

माझ्याकडे येण्याआधी ती एका शाळकरी मुलाची होती. घरच्यांनी हौसेनं घेतलेली. मुलगा तिच्यावरून शाळेत गेला, ट्यूशनला गेला, मित्रांना गिअर बदलून दाखवले. दहावी झाली आणि तो लातूरला क्लासला गेला. सुट्टीत आला की वडिलांच्या मोटारसायकलची किल्ली मागू लागला. सायकल जिन्याखाली गेली. तिच्यावर आधी एक पोतं आलं, मग कूलरचा खोका, मग धूळ. ट्यूबमधली हवा उतरत गेली आणि टायर रिमवर बसले. बीडमधल्या बऱ्याच रेंजरची कहाणी अशीच आहे. वापरून संपण्याआधीच त्या अडगळ होतात.

जुनी म्हणून कुणी तिला कमी लेखत असेल, तर तिचं घराणं त्यानं पाहावं. या घराण्याची सुरुवातच जुन्या सायकलींतून झाली. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, मरीन काउंटीतल्या काही तरुणांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जाड टायरच्या, वजनदार श्विन सायकली स्वस्तात जमवल्या आणि टामलपाइस डोंगराच्या परिसरातल्या कच्च्या उतारांवरून पळवल्या. १९७६ मध्ये तिथे ‘रीपॅक’ नावाची शर्यत सुरू झाली. पायडल उलटं दाबून लागणारा ब्रेक उतारावर इतका तापायचा, की हबमधल्या ग्रीसचा धूर व्हायचा. खाली पोचल्यावर हब उघडून त्यात नवं ग्रीस भरावं लागायचं, म्हणून शर्यतीचं हे नाव. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी सांगाडा बांधला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर बाजारात आली आणि १९९६ मध्ये अटलांटाला डोंगरी सायकलींची शर्यत ऑलिम्पिकमध्ये दाखल झाली. माझ्या रेंजरचा पूर्वज असा कुणाच्या तरी घरात पडून राहिलेला आणि दुसऱ्याच्या हातात जाऊन नव्यानं धावू लागलेला होता.

नवी गिअरची सायकल घ्यायची तर खिशाला जड जाते. जुनी, बरी असलेली, पुष्कळ कमी पैशांत मिळते. रोज कामावर जाणाऱ्या माणसाला हा फरक मोठा असतो. पण स्वस्त मिळाली म्हणजे चांगली मिळाली असं नाही. ज्या मिस्त्रीकडे मी तिला पहिल्यांदा नेलं, ते चाचा म्हणाले, “गिअर मागून बघा. आधी चाक उचला, फिरवा.”

चाक फिरलं. ब्रेकच्या रबरांमधून रिम जाताना एका जागी डावीकडे झुकत होती. चाचांनी दोन-दोन तारा चिमटीत दाबून पाहिल्या, ढिल्या होत्या तिथे चावी लावली, थोडं आवळलं, थोडं सोडलं आणि चाकाचा आउट, म्हणजे तो झुकाव, निघाला. मग त्यांनी सायकल उलटी केली. हँडलच्या आणि सीटच्या नळीजवळच्या वेल्डिंगवरून बोट फिरवलं. तिथे रंगाखाली बारीक चीर असेल तर सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नये. क्रँक धरून आडवी हलवली. खडखडली असती तर आतले छर्रे किंवा बेअरिंग गेलं, असं समजायचं. शेवटी चेन. तिच्या एका पिनेवर पट्टीचं शून्य धरायचं, तिथून चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर आली पाहिजे. एक-सोळांश इंच पुढे गेली तर चेन बदलायची. एक-अष्टमांश गेली तर मागच्या फ्रीव्हीलचे दातेही झिजले असं धरायचं, आणि तेवढे पैसे भावातून कमी करून मागायचे. सगळ्यात खाली, क्रँकजवळच्या नळीवर सांगाड्याचा नंबर ठोकलेला असतो. सायकलीला आरसी बुक नसतं. त्यामुळे जुन्या मालकाकडून मूळ बिल किंवा निदान तो नंबर घातलेली सहीची चिठ्ठी घ्यायची. चोरीचा माल आपल्या घरात येऊ नये, ही घेणाऱ्याचीही जबाबदारी आहे.

इतकी तपासणी झाली, पण ती अजून कामावर जायला तयार नव्हती. डोंगरासाठी घडवलेल्या सायकलीला कॅरिअर नसतं, मडगार्ड असलंच तर नावापुरतं. डोंगराला घंटी लागत नाही, सुभाष रोडला लागते. डब्यासाठी कॅरिअर, भक्कम स्टँड, घंटी, मागे लाल रिफ्लेक्टर आणि अंधारात दिसेल असा दिवा, एवढं तिच्या अंगावर चढलं आणि तिचा तोराच बदलला. मडगार्ड बसवताना चाचांनी ते मुद्दाम उंच धरलं. आपल्याकडची काळी माती ओली झाली की टायरला थरांनी चिकटते आणि फट कमी असली की चाकच अडवते. रेंजरच्या चिमट्यात मुळातच जागा जास्त, म्हणून नाक्यापलीकडच्या कच्च्या गल्लीत पावसाळ्यातही ती चालत राहते.

तिचा स्वभाव रस्त्यावर कळतो. स्पीडब्रेकरवर ती कुरकुरत नाही. उखडलेल्या डांबरावर, पसरलेल्या खडीवर तिचे जाड टायर रस्ता घट्ट धरतात. गुळगुळीत डांबर लागलं की मात्र त्याच खाचा घूंऽऽ असा आवाज करतात आणि पायातली ताकद खातात. म्हणून मागचा टायर झिजल्यावर मी कमी खाचांचा घातला, आणि टायरच्या कडेला छापलेल्या मर्यादेत राहून हवा जरा चढती ठेवू लागलो. फरक पहिल्याच सकाळी जाणवला. स्वस्त शॉकअप हा तिच्या अंगातला जडपणा आहे. चढाला उभं राहून पायडल मारलं की तो खाली-वर दबतो आणि जोर तिथेच जिरतो. त्याला उपाय एकच, बसून, हलक्या गिअरवर, एका लयीत चढायचं. तिला घाई चालत नाही.

पुढे तीन चकत्या, मागे सात, असे तिचे २१ गिअर. रोजच्या जाण्यायेण्याला मधली चकती आणि मागच्या तीन-चार चकत्या पुरतात. सगळ्यात लहान चकती लागते ती रविवारी, कॅरिअरवर दळणाचा डबा आणि पुढच्या नळीवर बसवलेल्या छोट्या सीटवर लेक असते तेव्हा. गल्लीतला तो चढ नकाशावर दिसणारसुद्धा नाही, पण तेव्हा ती खऱ्या अर्थानं डोंगर चढते. मांजरसुंब्याच्या घाटात हेल्मेट घालून जाणारे हौशी सायकलस्वार मी आदरानं पाहतो. माझ्या रेंजरचा बालाघाटचा डोंगर मात्र घरापासून गिरणीपर्यंत आहे.

तिचा कायमचा वैरी वेड्या बाभळीचा काटा. तो टायरच्या जाड रबरात घुसतो, मोडतो आणि आतल्या बाजूला नखाच्या टोकाएवढा राहतो. पंक्चर काढताना चाचा ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा शोधतात, पण त्याआधी उलट्या केलेल्या टायरच्या आतून अंगठा सावकाश फिरवतात. काटा अंगठ्याला लागल्याशिवाय ते सोल्यूशनच्या ट्यूबला हात लावत नाहीत. तो आत राहिला तर दोन फर्लांगांवर पुन्हा तीच गत. उन्हाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. पारा चाळिशीच्या पुढे गेला की तिला भिंतीच्या सावलीला लावायचं. रबरालाही ऊन सोसत नाही.

मला तिच्याविषयी वाटतं ते केवळ ममत्व नाही. या जिल्ह्यात अंतर हे अनेकांच्या शिक्षणाच्या आणि कामाच्या आड येतं. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात, त्यामागे हाच विचार आहे. पण दुकानात हिशेब लिहिणारा, मेसमध्ये पोळ्या लाटायला जाणारी, रात्रपाळीचा वॉचमन, दवाखान्यातली मावशी, यांच्यासाठी अशी योजना माझ्या माहितीत नाही. रिक्षाचं रोजचं भाडं त्यांना परवडत नाही, मोटारसायकलचा हप्ता झेपत नाही. त्यांच्या कामाची सायकल आपल्याच शहरात आहे, दुसऱ्या कुणाच्या तरी घरात पडून.

ज्यांच्या जिन्याखाली अशी एखादी असेल, त्यांनी या आठवड्यात तिच्यावरचा खोका उतरवावा. हवा भरून मिस्त्रीला दाखवावी, बिल शोधून ठेवावं आणि ज्याला रोज कुठे तरी वेळेवर पोचायचं आहे, त्याला रास्त भावात द्यावी. मुलाची हौस फिटली असेल, सायकलीचं काम अजून बाकी आहे. नीट ठेवली तर ती अशी दोन-तीन घरं सांभाळते.