शेजारचं दुकान

३ फेब्रुवारी, परभणी

कालपासून हजरत तुराबुल हक यांचा उरूस सुरू झाला. संध्याकाळी बांगड्यांच्या ओळीत गेले. सगळ्यांकडे माल तोच, गिऱ्हाईकही तेच. एका सुनेला हिरव्या बांगड्या हव्या होत्या, माप सव्वादोन. दुकानवाल्या मावशींकडचं ते माप संपलेलं. “बस गं बाई,” म्हणून त्या उठल्या, शेजारच्या चाचांकडून डझन आणला, तिचा हात दाबून दाबून अलगद भरला आणि आलेले पैसे तसेच्या तसे चाचांच्या हातावर ठेवले. स्वतःला एक रुपया नाही!

चाचा नमाजला गेले की त्यांचा गल्लाही मावशीच बघतात. मी विचारलं, तर म्हणाल्या, “माळेगावच्या यात्रेत मला ताप आला, तवा माझं दुकान यांनीच मांडलं अन् यांनीच आवरलं.”

फिरस्तीवरच्या माणसाला गाव परकं असतं, घर लांब असतं. हाकेला धावणारा असतो तो शेजारचा स्पर्धकच. मला ही माणसं फार मोठी वाटतात.

उरसाला याल तेव्हा मनसोक्त खरेदी करा. फक्त “पलीकडचा स्वस्त देतो” म्हणून यांना एकमेकांशी झुंजवू नका.