काटक

गुलाबांवरील इंग्रजी पुस्तकांत एक विशेषण वारंवार भेटते. मराठीत त्याला 'काटक' म्हणता येईल. युरोप-अमेरिकेत काटक गुलाब म्हणजे बर्फाखाली हिवाळा काढून वसंतात पुन्हा फुटणारा. औरंगाबादेत (2023 पासून छत्रपती संभाजीनगर, पण मी बाग लावली तेव्हाचे नाव तोंडात बसले आहे) या अर्थाचा काही उपयोग नाही. येथे गुलाब थंडीने मरत नाही. तो मे महिन्याच्या उन्हाने, चुनखडीच्या जमिनीने आणि पाण्याची वाट पाहून मरतो. शब्द तोच ठेवून त्याचा ऋतू बदलावा लागतो, हे मी अनुवादाच्या वर्गात अनेकदा सांगितले. स्वतःच्या अंगणात मात्र उशिरा शिकलो.

घर बांधले तेव्हा पुढच्या बाजूला रोपवाटिकेतून आणलेले सात कलमी गुलाब लावले. त्यांत 'ग्लॅडिएटर' होता, 'पीस' होता. साहित्याचा माणूस झाड घेताना नाव वाचतो, खुंट पाहत नाही. आईने मागच्या दारी, मोरीचे पाणी जाते तेथे, माहेरच्या गावठी गुलाबाची फांदी खोचली होती. फूल मध्यम, फिकट गुलाबी, दोन दिवसांत पाकळ्या गाळणारे, पण वासाचे. मी त्याची गणना बागेत करीत नसे. पुढे वाचनात आले की, 'गावठी' म्हणून आपल्याकडे जे गुलाब वाढतात त्यांत एडवर्ड हा एक आहे आणि त्याच्या बूर्बाँ कुळाचा उगम हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर, चिनी आणि दमास्क गुलाबांच्या संकरातून झाला. आईचा गुलाब त्यातलाच असेल, तर इतक्या लांबून आलेल्या फुलाला आपण गावठी म्हणतो!

कलमांची नवी पाने पहिल्याच वर्षी पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. हिराकस फवारले की पाने सावरत, मग पुन्हा तेच. शेणखत आणि पालापाचोळ्याचा जाड थर अधिक उपयोगी पडला. कोडाईकनालच्या एम. एस. वीरराघवन यांनी उष्ण हवेत टिकणारे गुलाब मिळावेत म्हणून भारतातील रानगुलाबच संकरासाठी घेतले, हे कळेपर्यंत माझी निवड होऊन गेली होती.

मग 2016 चा उन्हाळा आला. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी जात होते. आमच्या वसाहतीत टँकर येई. अशा दिवसांत गुलाबाच्या आळ्यात बादलीभर पाणी ओतताना शेजाऱ्यांनी पाहू नये असे वाटे, म्हणून मी ते रात्री ओतीत असे. आईने एकदा पाहिले. "दिवसा घालायची लाज वाटते ना? मग रात्रीही घालू नकोस," एवढेच म्हणाली. ती तांदूळ-भाजी धुतलेले पाणी भर दुपारी, सर्वांदेखत मागच्या दारी ओतीत असे. मी थांबलो. जूनपर्यंत सातही कलमे वाळली.

फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. 'गुलाब' हे मुळात गुलाबपाण्याचे नाव. आपण ते फुलाला दिले आणि पाण्यासाठी 'गुलाबपाणी' असा पुन्हा पाणी घातलेला शब्द केला. सिराज औरंगाबादींच्या या शहरात, त्या उन्हाळ्यात, ही व्युत्पत्ती मला वर्गात सांगवली नाही.

पाऊस पडल्यावर दोन कलमांच्या बुडाशी जोमदार फुटवे आले. मला हर्ष झाला. आई वाकून पाहत म्हणाली, "हा तुझा गुलाब नव्हे रे, खालचा खुंट आहे." ज्या खुंटावर डोळा भरतात, त्याचेच ते फुटवे. वरच्या फुलाची शक्ती खातात म्हणून इतकी वर्षे मी ते कात्रीने काढीत आलो होतो. या खेपेस राहू दिले. त्यांना अजून फूल आलेले नाही.

आई 2019 मध्ये गेली. दसऱ्यानंतर मागच्या दारची छाटणी आता मी करतो. गेल्या खेपेस पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सहा फांद्या तिरक्या कापून मोरीकडेला रोवल्या. चार फुटल्या. त्यांतली एक, ज्यांच्यापासून पाणी लपवीत होतो त्या शेजाऱ्यांकडे दिली आहे.