पणजोबांची दुनळी

आमच्या घरी, देवघरालगतच्या खोलीत, शिसवी कपाटात एक दुनळी रायफल कुलपात असते. भिक्षुकीची परंपरा सांगणाऱ्या घरात हे हत्यार कसे, असे पाहुणे विचारतात. मग आत्याबाई सरसावून बसतात. १८९९ च्या दुष्काळात पणजोबा एका लहानशा संस्थानचे कारभारी होते. गुरे नेणारा वाघ त्यांनी याच रायफलीने लोळवला आणि संस्थानिकांनी ती त्यांसच बक्षीस दिली! आम्ही लहानपणापासून ही कथा ऐकत आलो. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, कथा मात्र चालू राहिली.

यंदा परवान्याच्या नूतनीकरणासाठी रायफल बाहेर काढली, तेव्हा तिचे वय तरी पाहावे असे मनात आले. वरच्या पट्टीवर कलकत्त्याच्या एका दुकानाचे नाव होते. पण दुकानाचे नाव म्हणजे कारखान्याचे नव्हे. बर्मिंगहॅमचे कारागीर बंदूक घडवीत आणि विकणारा तिच्यावर आपले नाव कोरून घेई. अनुक्रमांकाचा उपयोगही घडवणाऱ्याची खातेवही जपलेली असेल तरच. तेव्हा नळ्या दस्त्यापासून सोडवून उलट्या केल्या आणि भिंग घेऊन बसलो.

नळ्यांच्या पोटाशी चाचणीचे शिक्के सापडले. बर्मिंगहॅमच्या चाचणीघरात १९०४ पर्यंत, मुगुटाखाली एकमेकांवर तिरपे ठेवलेले राजदंड आणि त्यांभोवती बी, पी, सी ही अक्षरे उमटवीत. आमच्या नळीवर राजदंड नव्हते. मुगुटाखाली नुसती बीपी, बीव्ही आणि एनपी अशी अक्षरे होती. ही पद्धत १९०४ ची, आणि ती पुढे १९५४ पर्यंत चालली. आम्ही जरा चपापलो.

शेजारी कॉर्डाईट ७५ ग्रेन व गोळी ५०० ग्रेन अशी मर्यादा कोरलेली होती. बोअर .४७०. येथे तर शंकेला जागाच उरली नाही. पूर्वी हिंदुस्थानातील मोठ्या शिकारीला .४५० बोअरच्या रायफली चालत. परंतु मार्टिनी-हेन्री बंदुकांना उपयोगी पडेल अशी गोळी बंडखोरांच्या हाती लागू नये म्हणून सरकारने १९०७ च्या सुमारास त्या बोअरवर बंदी घातली. तेव्हा इंग्रज कारागिरांनी .४६५, .४७०, .४७५ असे नवे बोअर काढले. म्हणजे आमची रायफल जन्मली, त्याआधीच तो वाघ मरून सात-आठ वर्षे झाली होती!

आत्याबाईंचे वय सत्त्याऐंशी. त्यांना सांगावे की न सांगावे, यात चार दिवस गेले. अखेर एका दुपारी, सुपारी कातरता कातरता, सांगून टाकले. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"आजोबा गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "त्यांच्या तोंडून वाघ मी कधी ऐकला नाही, बाळ. ऐकला तो आजीकडून. आजोबा तेव्हा उठून ओसरीवर जात असत."

आम्हांस पुढे काही विचारवेना. पणजोबांनी ती रायफल विकत घेतली की मागाहून कोणी दिली, आणि ओसरीवर ते का जात, हे शिक्क्यांवरून कळण्यासारखे नाही.

गेल्या आठवड्यात पाहुणे आले, आणि कपाट पाहून त्यांनी तोच प्रश्न विचारला. आत्याबाईंनी दुष्काळापासून आरंभ केला, वाघापर्यंत आल्या, आणि रायफलीपाशी येताच आमच्याकडे बोट करून म्हणाल्या, "पुढचे याला विचारा. भिंग घेऊन हाच बसला होता."