पाडायच्या भिंतीवर

दिल्लीजवळच्या आयएमटी मानेसर या औद्योगिक वसाहतीत माझं पोटापाण्याचं काम म्हणजे कारखान्यांच्या जमिनीवर पिवळे पट्टे मारणं. फोर्कलिफ्ट कुठून जाणार, माणसांनी कुठून चालायचं, तयार माल कुठे, रिजेक्ट माल कुठे, हे सगळं इपॉक्सी रंगाने आखून द्यायचं आणि भिंतींवर सुरक्षेच्या सूचना लिहायच्या. पण मनापासून ओढ आहे ती दुसऱ्या कामाची. बंद पडलेल्या, पाडायला काढलेल्या किंवा नव्या भाडेकरूची वाट बघत असलेल्या इमारतीत थोड्या दिवसांसाठी स्ट्रीट आर्टची प्रदर्शनं भरतात, त्यांच्यासाठी भिंती तयार करण्याची. कधी दुसऱ्याचं रेखाटन वीस फुटांवर मोठं करून देतो, कधी एखादी भिंत स्वतःही घेतो.

शेडचे मालक आणि ठेकेदार मला एकच प्रश्न विचारतात. ‘गिरनी ही है, तो इतनी मेहनत काहे की?’ माझी तालीम कोल्हापुरात सिनेमाच्या बॅनरांवर झाली, त्यामुळे हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. आमच्या कारखान्यात गेल्या सिनेमाचं कापड पांढरं करून त्यावरच पुढचा सिनेमा चढायचा. नायिकेच्या डोळ्यातली चमक आणायला उस्ताद अर्धा दिवस घालवायचे आणि सिनेमा उतरला की तोच डोळा पांढऱ्या रंगाखाली जायचा. त्याबद्दल कुणी हळहळलेलं मी पाहिलं नाही, आणि पुढच्या डोळ्यात कुणी कसूर केलेलीही पाहिली नाही. चित्र किती दिवस टिकणार यावर हाताची मेहनत ठरत नाही, हे मी तिथे शिकलो.

बंद इमारतीत मात्र आणखी एक गोष्ट शिकावी लागते. बॅनरचं कापड कोरं करता येतं. इथली भिंत कोरी करायची नसते.

नवखे कलाकार आत आले की पहिल्यांदा पांढरा प्रायमर मागतात. त्यांना स्वच्छ, सपाट पाटी हवी असते. मी आधी दोन दिवस मागून घेतो. संध्याकाळी भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करतो आणि सकाळी बघतो. आतून दव धरलं असेल तर भिंत ओली आहे, तिथे जाड रंग चढवला की फुगणार. लोणा फुटलेला असेल तर वायर ब्रशने कोरडाच झाडायचा. पाणी मारून धुतला की मीठ विरघळून भिंतीत जिरतं आणि आठवड्याने दुप्पट वर येतं. जे पोपडे सुटलेच आहेत तेवढेच खरवडायचे. जुना तैलरंग कोरडा घासायचा नाही, तो ओला करून, तोंडाला चांगला मास्क लावूनच काढायचा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या भिंतीच्या धुळीत काय असेल याची खात्री कुणीही देऊ शकत नाही. छत सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर त्याला भोक पाडू देत नाही, कारण जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. एवढं झालं की जुने रंग दिसत राहतील असा पारदर्शक सीलर मारतो आणि कलाकाराला म्हणतो, आता बघा, भिंतीवर आधीच काय काय आहे.

मानेसरच्याच एका बंद शेडमधली गोष्ट सांगतो. प्रेस शॉप होतं, गाड्यांचे छोटे पत्र्याचे भाग काढणारं. यंत्रं गेली होती. जमिनीत फाउंडेशन बोल्टांचे खड्डे होते आणि एका खांबावर खडूने लिहिलेला तासातासाचा हिशेब होता, एका रांगेत टार्गेट, दुसऱ्या रांगेत प्रत्यक्ष निघालेला माल. शेवटच्या दिवशी दुपारी तीननंतरची घरं रिकामी होती. कोपऱ्यात शॅडो बोर्ड होता. ज्यांनी कारखाना आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, पिवळ्या फळीवर प्रत्येक हत्याराच्या जागी त्याच आकाराची काळी सावली रंगवलेली असते, म्हणजे कुठला पाना परत आलेला नाही ते लांबूनही कळतं. इथे एकही हत्यार नव्हतं, नुसत्या सावल्या.

दिल्लीहून आलेली एक तरुण चित्रकार त्या भिंतीवर मोठा चेहरा काढणार होती. रेखाटन तयार होतं आणि चांगलं होतं. ती फळी उतरवून ठेवावी असं तिचं म्हणणं होतं. मी म्हटलं, एक दिवस थांबा, शेजारच्या शेडमधल्या लोकांना जेवणाच्या सुट्टीत बोलवू. त्यांतले दोघे पूर्वी याच प्रेसवर होते. एक ऑपरेटर सरळ फळीपाशी गेला आणि एका लांबलचक सावलीवर बोट ठेवून म्हणाला, हा बत्तीसचा पाना, याला आम्ही पाइप वेल्ड करून घेतला होता, कारण दोन नंबरच्या प्रेसचा नट साध्या पान्याने हलायचाच नाही. मग पाइप जोडल्यामुळे सावली कशी पुन्हा रंगवावी लागली, ते त्याने सांगितलं. नीट पाहिलं तर खरोखरच सावलीचा पुढचा भाग जुन्या काळ्याचा होता आणि दांडा नव्या काळ्याचा.

तिने चेहरा रद्द केला. फळीला हात लावला नाही. शेजारच्या भिंतीवर त्याच सपाट काळ्या रंगात, खऱ्या मापाने, त्या माणसांनी सांगितलेल्या आपल्या वस्तूंच्या सावल्या काढल्या: तीन पुडांचा डबा, मफलर, हेल्मेट, चार्जर, गावी पाठवायच्या पैशांची चिठ्ठी. मी तिला फक्त ओळंबा धरून दिला आणि रेघेसाठी सूत मारून दिलं. भिंतीचा बराचसा भाग तसाच राहिला, तेलाच्या डागांसकट. इतक्या कमी रंगात इतकं भरलेलं काम मी क्वचित पाहिलं आहे.

या प्रकारच्या प्रदर्शनाचं सगळं मर्म मला तिथे दिसतं. जागा बंद पडलेली असली तरी तिथे राबलेली माणसं आसपासच असतात आणि त्यांना विचारल्याशिवाय काढलेलं चित्र, कितीही देखणं असलं तरी, कुठल्याही भिंतीवर चालण्यासारखंच राहतं.

आपल्याकडे हे मोठ्या प्रमाणावर नीट झालेलं मी मुंबईत पाहिलं, ससून डॉकला. कुलाब्याची ही गोदी १८७५ साली अल्बर्ट ससून यांनी बांधून घेतली. आजही पहाटे तिथे मासळीचा लिलाव होतो आणि शेजारच्या गोदामांत कोळंबी सोलत बायका बसलेल्या असतात. २०१७ च्या नोव्हेंबर–डिसेंबरमध्ये स्टार्ट इंडिया या संस्थेने तिथल्या जुन्या गोदामांत प्रदर्शन भरवलं. गोदी चालू आणि आतली गोदामं चित्रांना मोकळी, अशी ती रचना होती. प्रेक्षकाला बर्फाच्या गाड्या आणि मासळीच्या टोपल्या चुकवतच आत जावं लागे. बाहेरच्या भिंतींवर तिथल्याच कोळी आणि कामगार माणसांचे मोठमोठे काळे-पांढरे चेहरे चिकटवले होते, जेआर या फ्रेंच कलाकाराने सुरू केलेल्या ‘इनसाइड आउट’ उपक्रमाच्या पद्धतीने. स्वतःचा चेहरा भिंतीवर शोधणारी माणसं त्या भिंतीखाली उभी असत. आत सिंगापूरच्या टॅन झी शी हिने प्लॅस्टिकचा कचरा छतापासून असा टांगला होता की खालून चालताना आपण समुद्राच्या तळाशी आहोत असं वाटावं. आणि मासळीच्या वासाचं काय करायचं, जो पहिल्या पावलालाच नाकात शिरतो? समीर कुलवूर यांनी त्या वासालाच महागड्या अत्तराचं दुकान थाटून दिलं, ‘परफ्यूम ससून’. फिनेल मारून, उदबत्त्या लावून तो वास झाकण्याचा मोह कुणालाही झाला असता. तो झाकला नाही म्हणून ते प्रदर्शन ससून डॉकचं झालं. २०२२ च्या डिसेंबरपासून पुढे दोन महिने त्याच जागी मुंबई अर्बन आर्ट फेस्टिव्हल झाला, तोही याच पायावर.

स्टार्ट इंडियाच्या संस्थापकांपैकी हनीफ कुरेशी यांचा उल्लेख माझ्यासारख्या साइनबोर्ड पेंटरने केलाच पाहिजे. रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं गोळा करून त्यांचे संगणकी फाँट करण्याचं काम त्यांनी केलं आणि पेंटरचं नाव त्या अक्षराला जोडलं. २०२४ साली ते गेले. याच संस्थेने रंगवून घेतलेल्या दिल्लीतल्या लोधी कॉलनीच्या भिंती बघायला आज शाळांच्या सहली येतात. त्यामागे ज्यांचा हात होता त्यांना आमच्या ब्रशची किंमत माहीत होती.

आता शेवटाबद्दल, म्हणजे प्रदर्शन संपल्यावर काय, याबद्दल. २०१३ च्या शरद ऋतूत जगात दोन घटना जवळजवळ लागोपाठ घडल्या, आणि मला त्या जोडीनेच आठवतात. पॅरिसच्या तेराव्या विभागात सीनच्या काठी एक जुनी नऊ मजली इमारत पाडायची होती. मेहदी बेन शेख या गॅलरी चालवणाऱ्या माणसाने शंभरहून अधिक कलाकार आणून तिचे ३६ फ्लॅट जमिनीपासून छतापर्यंत रंगवून घेतले. बाहेरच्या अंगावर एल सीड या कलाकाराची अरबी अक्षरं होती. ‘टूर पॅरिस १३’ फक्त ऑक्टोबर महिना उघडी होती, लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले आणि पुढच्या वर्षी इमारत पाडली गेली. सगळ्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं.

२०१३ च्याच नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ‘फाइव्ह पॉइंट्स’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या कारखान्याच्या भिंती मालकाने एका रात्रीत पांढऱ्या करून टाकल्या. तिथे वर्षानुवर्षं परवानगीने चित्रं काढली जात होती. इमारत पाडणार हे कलाकारांनाही माहीत होतं. पण कायद्याने द्यायची नोटीस दिली नाही, कुणाला फोटो काढू दिला नाही, निरोप घेऊ दिला नाही. कलाकार कोर्टात गेले. २०१८ मध्ये न्यायाधीशांनी ४५ चित्रांसाठी ६७ लाख ५० हजार डॉलर भरपाई ठरवली आणि २०२० मध्ये वरच्या कोर्टाने ती कायम केली.

आपल्याकडेही हा प्रश्न कोर्टात येऊन गेला आहे, तोही दिल्लीतच. विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भव्य ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं. त्याचे भाग हरवले, मोडले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सहगल यांच्या बाजूने निकाल दिला, उरलेलं शिल्प त्यांना परत करायला लावलं आणि पाच लाखांची भरपाई दिली. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये कलाकाराचा हा नैतिक हक्क आहे. पण तात्पुरत्या प्रदर्शनात त्या कलमावर विसंबून राहू नये असं माझं मत आहे. आधीच साध्या कागदावर लिहून घ्यावं: कधीपर्यंत भिंत आपली, पाडण्याआधी किती दिवस कळवणार, फोटो कोण काढणार. दिल्लीच्या पट्ट्यात तर हे जास्तच गरजेचं आहे. हिवाळ्यात हवा बिघडली की बांधकाम आणि पाडकाम बंद करण्याचे आदेश निघतात, तारखा पुढे सरकतात आणि लोकांना वाटू लागतं की चित्रं आता राहणारच. मग एका सकाळी जेसीबी येतो. जानेवारीतल्या धुक्यात रंग दोन-दोन दिवस वाळत नाही आणि जूनच्या लूमध्ये तो ब्रशवरच सुकतो. म्हणून फेब्रुवारी–मार्चचा सुमार धरावा आणि शेवटची तारीख दारावरच मोठ्या अक्षरांत लिहावी. ती अक्षरं मी फुकट लिहून देतो.

एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. २०१६ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत ओकलंडला कलाकारांनी व्यापलेल्या एका जुन्या गोदामात आग लागून ३६ माणसं गेली. बाहेर पडायला धड वाट नव्हती. त्यामुळे बंद शेडमध्ये काम घेतलं की चित्रांआधी मी जमिनीवर बाहेर पडायच्या दोन वाटा पिवळ्या रंगाने आखतो आणि त्या पट्ट्यांवर कुणाचं काहीही, कितीही सुंदर असलं तरी, ठेवू देत नाही. तारा उघड्या असतील तर वीज बाहेरून, वेगळ्या लाइनने घ्यायला लावतो. या अटी मान्य नसतील तर मी तिथून निघतो.

मानेसरचं ते शेड आता एका गोदामवाल्याकडे आहे. भिंती नव्याने रंगवल्या गेल्या. शॅडो बोर्ड त्या ऑपरेटरने मागून नेला.

पिंपरी-चिंचवड, इचलकरंजी, अंबड, साकीनाका, कुठेही तुमच्या ओळखीत एखादं बंद शेड किंवा रिकामी चाळ पाडण्याची वाट बघत असेल, तर मालकाशी बोला. महिनाभर मागा, लेखी मागा. आसपासच्या चित्रकारांना बोलवा आणि प्रदर्शनाची पहिली संध्याकाळ तिथे काम केलेल्या, राहिलेल्या माणसांसाठी राखून ठेवा.